आधी प्रश्न, मग अर्ज

गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३ साली मालवणात झाला. भारतातल्या समाजशास्त्राचा आणि सामाजिक मानवशास्त्राचा इतिहास कुठेही शिकवायला घेतला तरी हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. त्यांच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेल्यांत इरावती कर्वे आहेत, एम. एन. श्रीनिवास आहेत, अ. र. देसाई आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या पदवीच्या मुलांना मात्र घुर्ये बहुधा परीक्षेतल्या एखाद्या टिपेपुरते भेटतात, आणि ते इथलेच होते हे त्या टिपेत नसतं.

या पुस्तिकेची सुरुवात मी त्यांच्यापासून करते आहे, कारण मानवशास्त्राच्या उच्चशिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या मुलाला जे जे अडतं ते जवळपास सगळं त्यांच्याही वाटेत आलं होतं. घुर्ये संस्कृतचे विद्यार्थी. मालवण, मुंबई, जुनागढ असं फिरत ते एल्फिन्स्टन कॉलेजात आले आणि १९१८ साली एम.ए. झाले. समाजशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ती असणार कुठून? मुंबई विद्यापीठात तो विभागच पॅट्रिक गेडीस यांनी १९१९ मध्ये उघडला. परदेशी जाऊन समाजशास्त्र शिकण्यासाठी विद्यापीठ शिष्यवृत्ती देणार होतं, आणि त्यासाठी घुर्यांनी गेडीस यांच्यापुढे ठेवलेला निबंध होता मुंबईवर, एक नागरी केंद्र म्हणून मुंबईवर. ज्या शहरात शिकत होते त्याच शहराकडे त्यांनी अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं, आणि गेडीस यांच्या शिफारशीने ते विलायतेला गेले. लंडनमध्ये हॉबहाउस यांच्याकडे त्यांचं मन रमलं नाही, म्हणून ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे आले. नीलगिरीच्या तोडा लोकांवर १९०६ साली मोठा ग्रंथ लिहिणारे आणि वंशावळी गोळा करून नातेव्यवस्था समजून घ्यायची पद्धत घालून देणारे हे रिव्हर्स. जून १९२२ मध्ये ते अचानक वारले. घुर्यांनी ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली प्रबंध पुरा केला, १९२४ साली मुंबईच्या विभागाची सूत्रं हाती घेतली आणि १९५९ पर्यंत तो विभाग चालवला. जातीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३२ साली लंडनहून निघालं.

विषय वेगळा होता, पहिला मार्गदर्शक जमला नाही, दुसरा अर्ध्यावर गेला. अर्ज भरायला बसलेली मुलं याच काळज्या घेऊन माझ्याकडे येतात. ‘बी.ए.ला माझं मराठी होतं, चालेल का?’ ‘आमच्या कॉलेजात हा विषयच नव्हता, मग?’ चालतं. मानवशास्त्राचे विभाग इतर शाखांतून आलेली मुलं आनंदाने घेतात. पदवीचं नाव त्यांना फारसं अडवत नाही. अडवतं ते वेगळंच, आणि या प्रस्तावनेतला बराचसा मजकूर त्यावरच खर्च होणार आहे.

मानवशास्त्र म्हणजे काय हे पहिल्या प्रकरणात सविस्तर आलं आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगते. माणसं कशी जगतात, कोणाला आपलं म्हणतात, कशाला भितात, वाटे कसे करतात, देव आणि दर्या यांच्याशी कसं वागतात, हे त्यांच्यात दीर्घकाळ राहून समजून घ्यायचं शास्त्र. कवट्या आणि हाडं मोजणारी शाखाही याच घरातली. इरावतीबाईंनी दोन्ही केलं. १९२८ साली घुर्यांकडे एम.ए. करून त्या बर्लिनला गेल्या. तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेने भारलेले होते. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर त्यांनी इरावतीबाईंना काम दिलं आणि युरोपीय कवट्या वेगळ्या निघतील अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांतून ते निघालं नाही, आणि निघालं नाही असंच त्यांनी लिहिलं. ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याला नको असलेलं उत्तर, तेही परक्या देशात, विशी ओलांडलेल्या मुलीने लिहून द्यायचं, याला काय लागत असेल याचा विचार या विषयात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा करावा.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते. ए. एम. टी. जॅक्सन हे इंग्रज अधिकारी नाशिकला १९०९ साली अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडले, हे आपण इतिहासात शिकतो. ते संस्कृतचे जाणकार होते आणि लोकसमजुतींची माहिती त्यांनी मोठ्या प्रमाणावर जमवली होती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. त्यांच्या पश्चात आर. ई. एन्थोवेन यांनी ती माहिती संपादून प्रसिद्ध केली. त्यातला कोकणावरचा भाग १९१५ साली आला. तो भाग उघडला की प्रत्येक पानाच्या तळाशी माहिती कोणी दिली ते छापलेलं दिसतं: अमुक गावचा शाळामास्तर, रत्नागिरी जिल्हा. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. भुतं, देवचार, नवस, पाऊस पडावा म्हणून करायचे विधी, दृष्ट काढायच्या रीती अशा प्रश्नांची उत्तरं या मास्तरांनी लिहून धाडली. अनेक तळटिपांत मास्तरांचं नावसुद्धा नाही, फक्त गावाचं आहे. प्रश्न वरून यायचे, उत्तरं खालून जायची, आणि त्या उत्तरांचा अर्थ तिसरीकडेच लागायचा.

शंभर वर्षांत यात किती फरक पडला? तारकर्लीपासून देवबागपर्यंत कुठल्याही वाडीत जा. प्रवाळांचा अभ्यास करणारे येऊन गेलेले असतात, पर्यटनाचा सर्व्हे करणारे येऊन गेलेले असतात, मच्छीमारांच्या उत्पन्नाचे फॉर्म भरून घेणारे तर येतच असतात. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून इथल्या लोकांनी दिलेल्या उत्तरांचा ढीग झाला असेल. ते अहवाल कुठे गेले, त्यात आपल्याबद्दल काय लिहिलं, हे सांगायला परत येणारे थोडे. या किनाऱ्याने उत्तरं पुरेशी दिली आहेत. आता इथून प्रश्न विचारणारी माणसं निघायला हवीत, त्या प्रश्नांना जगातल्या चांगल्या विभागांत जागा मिळायला हवी, आणि उत्तरांचा अर्थ लावण्यात इथल्या मुलींचा-मुलांचा हात असायला हवा. ही पुस्तिका त्यासाठी आहे. म्हणूनच अर्जाची तांत्रिक माहिती मागे ठेवून मी आधी प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

अर्जात उद्देशपत्र नावाचा एक कागद असतो. दोन पानांचा. त्याचा पहिला खर्डा आपल्याकडची मुलं कशी लिहितात ते मला आता पाठ झालं आहे. निसर्गरम्य कोकण, निळाशार समुद्र, समृद्ध परंपरा, आजीच्या गोष्टी, आणि शेवटी या परंपरेचं जतन करण्याची तळमळ. हे सगळं खरं असतं, मनापासून लिहिलेलं असतं, आणि निवड समिती ते वाचून बाजूला ठेवते. कारण त्यात गावाची ओळख असते, पण विद्यार्थ्याला काय कळत नाही ते नसतं. समितीला नेमकं तेच हवं असतं. सहा-सात वर्षं एखादी व्यक्ती ज्या गोष्टीच्या मागे लागणार आहे ती गोष्ट तिला आज कुठे टोचते?

गावपळणीचं उदाहरण घेते, कारण तो विषय आमच्याकडे वरचेवर येतो. आचरे गावात दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेतला जातो आणि कौल मिळाला की अख्खा गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी बरोबर. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही. माणसं वेशीपलीकडे झोपड्या, मांडव घालून राहतात, आणि पुन्हा कौल झाल्यावर परततात. चिंदर, वायंगणी इथेही ही प्रथा आहे. मुंबईचे चाकरमानी यासाठी मुद्दाम रजा काढून येतात. वर्तमानपत्रांत फोटो येतात, चॅनलवाले येतात, आणि त्या गावचं मूल अर्ज लिहायला बसलं की साहजिकच हे लिहितं.

लिहावंच. पण फोटोत दिसतं ते लिहिलं तर अर्ज फोटोइतकाच पुढे जातो. त्याऐवजी कोणी असं विचारलं तर? सगळा गाव बाहेर जातो म्हणतात, तेव्हा ‘सगळा’मध्ये कोण कोण धरलं जातं? कलमांच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी राखणदार गेल्या मोसमात आला. त्याने जायचं का, त्याला कोणी सांगायचं, आणि त्याचा मांडव कोणाच्या मांडवाशेजारी? गावातली मुसलमान आणि ख्रिस्ती घरं काय करतात, आणि आपण जे करतो त्याचं कारण ती कोणत्या शब्दांत सांगतात? लग्न होऊन बाहेर गेलेली मुलगी माहेरच्या गावपळणीला येते ती कोणत्या नात्याने? मुंबईत जन्मलेला, मालवणी न बोलणारा नातू आला तर तो गावचा, आणि वीस वर्षं गावात दुकान चालवणारा परजिल्ह्यातला माणूस? वेशीबाहेर राहायच्या जागा ठरलेल्या असतात की ज्याने त्याने निवडायच्या, आणि त्या निवडीत वाडी दिसते की जात दिसते? दवाखान्यात खाटेवर असलेला म्हातारा, बारावीची परीक्षा असलेली मुलगी, बँकेची शाखा, यांचं काय होतं? कौलाच्या वेळी मानकऱ्यांत मतभेद झाले तर?

यातला एकच प्रश्न धरून दोन पानं लिहिली तरी वाचणारा प्राध्यापक खुर्चीत सरळ बसेल. तीन दिवस गाव रिकामं करून गाव म्हणजे कोण हे गाव स्वतःच ठरवतं आहे, आणि ते ठरवताना जुने मानपान, नवी मजुरी, मुंबईचा पैसा, सरकारची कचेरी सगळे एका वेशीवर येऊन उभे राहतात. हे पाहायला जगातून कोणीही यावं असा हा विषय आहे, पण त्यातले बारकावे पहिल्या दिवसापासून दिसतील ते त्या गावच्या मुलालाच.

इथे एक मोह टाळायला सांगते. इंटरनेटवर थोडं वाचलं की मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर सापडतात, विधीतल्या उंबरठ्यावरच्या अवस्थेची त्यांनी पुढे नेलेली कल्पना सापडते, आणि गावपळण तिच्यात चपखल बसते असं वाटतं. बसतेही. पण चपखल बसली तर पुढे अभ्यास कशाला करायचा? ज्या ठिकाणी ती बसत नाही ते ठिकाण शोधा आणि तिथून लिहा. आधीच्या लोकांनी काय म्हटलं आहे हे माहीत हवं, त्याशिवाय आपला प्रश्न नवा आहे की जुना हे कळणार कसं? तेवढ्यापुरतंच मोठ्या नावांना अर्जात आणावं.

दुसरा कागद म्हणजे लेखनाचा नमुना. परदेशी विभाग दहा ते वीस-पंचवीस पानांचा एखादा निबंध मागतात. आपल्याकडच्या मुलांपाशी तो बहुधा नसतो. असतो तो बी.ए. किंवा एम.ए.ला केलेला प्रकल्प: पहिली दहा पानं प्रस्तावना आणि व्याख्या, मग प्रश्नावली, मग टक्केवारीचे गोल, मग निष्कर्ष आणि शिफारशी. तो तसाच इंग्रजीत करून पाठवू नका. त्याच्या पोटात कुठेतरी एखादं खरं निरीक्षण असतं, ते बाहेर काढा.

रापणीवरच्या प्रकल्पातलं असंच एक उदाहरण पुस्तिकेत पूर्ण दिलं आहे. रापण सगळ्यांनी पाहिलेली असते. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल मारून पुन्हा किनाऱ्याला लागते, दोन्ही टोकांचे दोर घेऊन माणसांच्या दोन रांगा ओढायला लागतात आणि रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. जाळं वाळूवर आलं की बांगडे, तारल्या, पेडवे, जे असेल ते निवडायचं आणि वाटे घालायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. प्रकल्पात हे सगळं तक्त्यात होतं. तक्त्याखाली एका ओळीत लिहिलं होतं की वाटेने जाणाऱ्या कोणी दोराला हात लावला तर त्यालाही चार मासे दिले जातात. ती एक ओळ घेऊन विद्यार्थिनीने नवा निबंध लिहिला. हात लावला हे कोण ठरवतं? पर्यटकाने फोटो काढण्यासाठी दोर धरला तर ते धरलं जातं का? आणि ज्या दिवशी रापण जवळजवळ रिकामी येते त्या दिवशी या चार माशांचं काय होतं? पर्ससीन नौकांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी इतकी वर्षं लढा दिला, २०१६ साली शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणले, आणि या सगळ्याची बातमी नेहमी टनांत आणि रुपयांत येते. वाट्यातून बाहेरच्याला मासा द्यायची रीत आटते तेव्हा जे जातं ते टनांत मोजता येत नाही. हा निबंध बारा पानांचा झाला. त्यातलं इंग्रजी साधं होतं, वाक्यं आखूड होती, आणि त्याने काही बिघडलं नाही.

जुन्या सामग्रीला नवा प्रश्न विचारून काय होतं याचा दाखला घुर्यांच्याच शिष्याने घालून दिला आहे. श्रीनिवास यांनी मुंबईत घुर्यांकडे असताना कोडगूच्या कोडवा लोकांवर ढीगभर सामग्री जमवून प्रबंध लिहिला होता. १९४५ साली ते ऑक्सफर्डला गेले. तिथे रॅडक्लिफ-ब्राउन यांनी त्यांना त्याच सामग्रीकडे धर्म आणि समाजरचना यांच्या संबंधाच्या अंगाने पुन्हा पाहायला लावलं. त्यातून १९५२ चं कोडवांवरचं पुस्तक आलं, आणि भारतातल्या मानवशास्त्राने त्यानंतर वळण घेतलं. घुर्ये ग्रंथांकडून समाजाकडे येत, श्रीनिवास गावाकडून निघाले. माझा स्वतःचा कल श्रीनिवासांकडे आहे. आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवणारी घुर्यांची मांडणी मला मान्य नाही, आणि याच मुद्द्यावर व्हेरियर एल्विन यांच्याशी त्यांचा जो वाद झाला तो आपल्या मुलांनी दोन्ही बाजूंनी वाचावा असं मी आग्रहाने सांगते. मालवणचे म्हणून त्यांचं सगळं डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

अर्ज कुठे करायचा हे पुढच्या प्रकरणांत देशवार दिलं आहे, म्हणून इथे ढोबळ फरक तेवढे सांगते. अमेरिकेत पीएच.डी.ला थेट प्रवेश मागता येतो, पहिली दोन-तीन वर्षं शिकण्यात जातात आणि चांगले विभाग प्रवेशाबरोबरच पाचेक वर्षांची फी माफ करून जगण्यापुरती रक्कम देतात. त्या बदल्यात शिकवावं लागतं. एक अडचण म्हणजे आपली तीन वर्षांची बी.ए.; चार वर्षांची पदवी मागणाऱ्या विभागांना ती पुरत नाही, तेव्हा एम.ए. करून जाणं बरं. ब्रिटनमध्ये एम.ए. एका वर्षाचं असतं, पीएच.डी.ला संशोधनाचा आराखडा आधीच द्यावा लागतो, आणि प्रवेश मिळणं व पैसे मिळणं या तिथे दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली जिंकून दुसरी हरलेली मुलं फार दुखावतात, म्हणून हे आधीच माहीत असू द्या. आपल्या देशात पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, दिल्ली आणि हैदराबादला आहेत. कोलकात्याचा तर १९२० पासूनचा. केंद्रीय विद्यापीठांच्या एम.ए.साठी सामायिक प्रवेश परीक्षा असते. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी २०२४ पासून नेट या पात्रता परीक्षेचे गुण धरले जातात, आणि नेटमध्ये मानवशास्त्र हा वेगळा विषय आहे. समाजशास्त्राची नेट देऊनच या वाटेला यायला हवं असं नाही.

मुंबई-पुण्यातल्या एजंटांकडून तयार उद्देशपत्रं विकत घेण्याच्या फंदात पडू नका. संगणकशास्त्राला ती खपत असतील, आपल्या विषयात पहिल्या परिच्छेदातच ती पकडली जातात.

शिफारसपत्रांवर मात्र थांबायला हवं. तीन लागतात. आमच्या छोट्या कॉलेजांतले प्राध्यापक मुलांना जीव लावतात, वर्गाबाहेरही शिकवतात, पण पत्र लिहायला बसले की दाखल्याची भाषा येते: सदर विद्यार्थिनी हुशार, होतकरू व सुस्वभावी असून तिची वर्तणूक चांगली आहे. तिकडे हे पत्र वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला हवं असतं की या मुलीने वर्गात कोणता प्रश्न विचारला, कुठल्या पुस्तकाशी वाद घातला, गावात फिरून काय शोधून आणलं. हे सरांना आठवत नसतं असं नाही. ते पत्रात लिहायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून निदान दीड-दोन महिने आधी जा, आपला निबंध आणि उद्देशपत्राचा खर्डा बरोबर न्या, आणि सरांच्या-मॅडमच्या तासाला घडलेल्या दोन-तीन गोष्टी एका कागदावर लिहून द्या. यात आगाऊपणा काही नाही. पत्र ऑनलाइन चढवायचं असतं. इंटरनेट नसेल, पोर्टल कळत नसेल, तर शेजारी बसून मदत करा आणि पत्र चढवायची वेळ आली की खोलीबाहेर जा, कारण ते गोपनीय असतं.

आता पैसा. अर्ज करण्यालाच पैसे पडतात. अमेरिकी विद्यापीठं एका अर्जाला साधारण शंभर डॉलरच्या आसपास घेतात. सहा अर्ज म्हणजे मच्छीमार गाबितांच्या वाडीतल्या घराचा एका मोसमातला नफा गेला. ही फी बहुतेक ठिकाणी माफ होते, पण मागावी लागते. मागायला लाजू नका, दोन ओळींचं इंग्रजी पत्र पुस्तिकेच्या शेवटी दिलं आहे.

शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत मला एक गोष्ट ठामपणे लिहायची आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो छापून आला. पंचविशीतल्या विद्यार्थ्याचं ते काम आज शंभर वर्षांनंतरही शिकवलं जातं. जातीबद्दल परदेशात बसून, परक्या अभ्यासकांसमोर, जात सोसलेल्या माणसाने मांडणी केली म्हणून ती वेगळी झाली. आणि २०२२ साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमावलीत, म्हणजे अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी असलेल्या योजनेत, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन हे विषय वगळण्यात आले. आंबेडकरांचा तो निबंध या नियमात बसला नसता. पिंगुळीच्या चित्रकथीवर या योजनेतल्या एखाद्या मुलीने परदेशात संशोधन करायचं म्हटलं तर तिचाही विषय याच वगळलेल्या यादीत पडतो. हा नियम अन्यायाचा आहे आणि तो जायला हवा. अर्ज करताना त्या वर्षीची नियमावली शब्दन् शब्द वाचा. राज्य सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि राज्यात राहून पीएच.डी. करणाऱ्यांना बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. ब्रिटनच्या एका वर्षाच्या एम.ए.साठी चेव्हनिंग आहे, त्याला आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

स्वतःच्या गावात अभ्यास करणं सोपं असतं असा एक समज आहे. इथे कुठल्याही घरी गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘कोणाचां चेडू गो तू?’ त्याचं उत्तर दिलं की तुमचं आडनाव, वाडी, आजोबांनी कोणाशी जमिनीवरून भांडण केलं होतं ते, सगळं समोरच्याच्या डोक्यात उभं राहतं, आणि पुढची सगळी उत्तरं त्या हिशोबाने मिळतात. बाहेरच्या संशोधकाला जे सांगतील ते तुम्हाला सांगणार नाहीत, आणि तुम्हाला सांगतील ते त्याला कधीच कळणार नाही. दांडीच्या किनाऱ्यावर लिलावात मासळी घेणाऱ्या बाईशी मानकऱ्याच्या घरचा मुलगा बोलायला गेला तर ती काय बोलेल, आणि गाबितांची मुलगी देवळातल्या मानपानाबद्दल विचारू लागली तर काय होईल, याचा विचार अर्जातच झालेला दिसला पाहिजे. समित्या याला फार महत्त्व देतात, आणि दिलंच पाहिजे. तसंच ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची परवानगी, त्यांची नावं लपवणं, कोर्टकचेरीत कोणाला अडकवू शकेल अशी माहिती वहीत कशी ठेवायची, हेही. मासेमारीच्या वादात पोलीस केसेस झालेल्या वाड्यांत तर ही काळजी पहिल्या दिवसापासून हवी. आणि प्रबंध इंग्रजीत झाला तरी त्याचा मराठी गोषवारा गावात परत यावा, ग्रामपंचायतीत आणि शाळेत एकेक प्रत असावी. हे उद्देशपत्रात लिहा आणि लिहिलं तर कराच.

वेळापत्रकाबद्दल. अमेरिकेतले बहुतेक अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात, ब्रिटनचे डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे आपल्याकडे जत्रा आणि दशावतार ऐन रंगात असताना. मागे मोजत या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, माणसं घरी असतात, बोलायला निवांत असतात. प्रश्न त्या दोन महिन्यांत पक्का करा. नारळी पौर्णिमेपर्यंत प्राध्यापकांची यादी व्हावी आणि प्रत्येकाचे निदान दोन लेख वाचून व्हावेत, त्याआधी त्यांना ईमेल करू नये. चतुर्थीच्या सुट्टीत कॉलेज बंद असतं, म्हणून शिफारसपत्रांची विनंती तिच्याआधी. गुणपत्रिकांच्या अधिकृत प्रती विद्यापीठाकडून यायला वेळ लागतो, त्यांचा अर्ज ऑगस्टमध्येच करून टाका. इंग्रजीची परीक्षा सप्टेंबरमध्ये. दसऱ्याला निबंध आणि उद्देशपत्र वाचायला द्या, शक्यतो एका अशा माणसाला जो कोकणात कधी आलेला नाही.

विभागांत जागा थोड्या असतात, काही ठिकाणी वर्षाला पाच-सहाच विद्यार्थी घेतात. पहिल्या वर्षी नकार आला तर त्याच विभागाला पुन्हा अर्ज करता येतो आणि त्याची कुठे काळी नोंद होत नाही. मधल्या वर्षात काय करायचं यावर शेवटचं प्रकरण आहे. त्यात वही कशी ठेवायची ते तारीखवार दाखवलं आहे, आणि ते प्रकरण पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांनीही आधी वाचावं.